खिळ्यावरचा फोन

४ नोव्हेंबर २०१३, पाडवा

आज फोनला वर्ष झालं. मागच्या पाडव्याला प्रेमानंदने पुण्याहून येताना आणला होता, स्वतःचा वापरलेला, पुसूनबिसून. मुलाने जुना फोन बापाला द्यायचा आणि बापाने तो नवा म्हणून गावभर मिरवायचा, असं आमचं ठरलंच होतं. सकाळी सिंधूने मला ओवाळलं तेव्हा मी फोनही पाटावर ठेवला. तिने विचारलं, ह्याले बी कुंकू लावू काय? मी म्हटलं, लाव. नंतर काच पुसताना बोट कुठे लागलं कोण जाणे, गॅस एजन्सीला फोन लागला. सणाच्या दिवशी त्या माणसाची माफी मागावी लागली.

वर्षभरात काचेच्या कोपऱ्याला तडा गेला. बॅटरी कशीबशी दुपार गाठते. रेंज घरात एकाच जागी येते, पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खिळ्यापाशी, म्हणून फोन पिशवीत घालून तिथेच टांगलेला असतो. पूर्वी त्या खिळ्याला टपालपेटीची किल्ली असायची. एकतीस वर्षं ह्याच खोलीत पोस्ट होतं आणि मी शाखा डाकपाल, गावाचा पोस्टमास्तर. मी निवृत्त झालो, पोस्टाची पाटी दुसऱ्या आळीत गेली आणि माझ्या ओट्यावर कुत्रं फिरकेना.

फोन आला आणि माणसं परत आली. सगळ्यांत नेमाची कोकिळा. शेजारीच राहते, नवरा जाऊन सात वर्षं झाली. तिची एकुलती लेक सुचिता दोन वर्षांपूर्वी नांदुऱ्याकडच्या एका गावात दिली. दर रविवारी चार वाजता जावयाच्या, म्हणजे दयारामच्या फोनवरून सुचिता बोलते. कोकिळाला कमी ऐकू येतं आणि माझ्या फोनचा आवाज मोठा करता येतो. कापूस वेचून तिच्या बोटांना भेगा पडल्यात, काचेला तिचं बोट समजतच नाही. हिरवं बटण मीच सरकवून देतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. माय लेकीशी बोलायला लागली की घरातल्यांनी उठून जायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मी सिंधूलाही उठवतो. कोकिळा आळीत सांगत असते, मास्तरने कधी कान दिला नाही.

हे लिहिलं आणि पेन थांबलं. सणाचा दिवस आहे. पुढचं नंतर.

५ नोव्हेंबर, भाऊबीज

कोकिळाचा दीर गोविंदा सुचिताचा मुऱ्हाळी म्हणून सकाळच्या गाडीने गेला होता. दिवाळीला लेकीला माहेरी आणायला कुणीतरी जावंच लागतं. संध्याकाळी एकटाच परत आला. कापूस फुटलाय, वेचणी झाली की पाठवतो, असं दयारामने सांगितलं म्हणे. सुचिता दिसली का विचारलं तर म्हणाला, चहा घेऊन आली होती, पदर तोंडावर होता, बोलली काही नाही.

कोकिळाने तिच्यासाठी केलेले लाडू आमच्याकडे आणून दिले. मी एक घेतला आणि अर्धा ठेवून दिला. सिंधूने विचारलं, तूप खवट हाये का? तूप चांगलं होतं.

१० नोव्हेंबर

आज फोन आला. मी बाहेर जाऊन बसलो. बारा मिनिटं.

डायरीतही चोरी करायची तर डायरी कशाला? लिहून टाकतो.

प्रेमानंद फोनवर माझ्या गोळ्यांची नावं सांगायचा आणि मी विसरायचो. म्हणून मार्चमध्ये जळगावला फारुखच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, बोलणं आपोआप भरून ठेवायची सोय टाकून देतो, मग कितीदा ऐका. तेव्हापासून फोन लागला की काचेच्या वरच्या कडेला लाल ठिपका लागतो. कोकिळाने एकदा विचारलं होतं, हा ठिपका काऊन लागते? मी म्हटलं, बॅटरीचा आहे.

एप्रिलमध्ये गोळीचं नाव शोधायला गेलो आणि भलतंच उघडलं. सुचिताचा आवाज आला, "माय, औंदा लोनचं घातलं का?" मी बंद करायला हवं होतं. मी अकरा मिनिटं ऐकलं. कैरी किती आणली, मोहरी कुणाकडून दळली, सगळं. दुसऱ्या दिवशी सिंधू भजनाला गेल्यावर परत ऐकलं. मग दर सोमवारी दुपारी, कानात इयरफोनच्या दोऱ्या घालून. मी ओट्यावर जाऊन बसतो आणि माझा फोन आत कान देऊन बसतो.

एक निमित्त मी स्वतःला नेहमी सांगतो. ह्या आळीतल्या निम्म्या बायकांची पत्रं मीच वाचून दाखवली आहेत. सुचिताची आजी मेली तेव्हाचं कार्डही मीच वाचलं. वाईट मजकूर असला तर एखादी ओळ गाळायचो, बाईचा चेहरा बघून. लोकांच्या घरातलं मला सगळं ठाऊक असायचं आणि ते माझ्या पोटात राहायचं. पण तेव्हा त्या स्वतः पत्र माझ्या हातात द्यायच्या. हा फरक मला कळतो. कळत नाही असं म्हणायची सोय नाही.

११ नोव्हेंबर

कालचं ऐकलं. कोकिळा विचारते, केव्हा येशील? मध्ये थोडं थांबून सुचिता म्हणते, "कापूस झाला का येतो, माय."

त्या थांबण्यात कुणीतरी बोलतं. कोकिळाला ते ऐकू येणं शक्य नाही. मलाही चौथ्या वेळी ऐकू आलं. पुरुषाचा आवाज, हळू, फोनपासून दूर: "म्हन, कापूस झाला का येतो." आणि मग ती म्हणते.

टीव्ही असेल म्हणून नऊ वेळा ऐकलं. टीव्ही नाही. तो दयाराम आहे.

१२ नोव्हेंबर

मागचे सगळे रविवार काढून ऐकले. तारखा टिपून ठेवतो.

२५ ऑगस्ट, पोळ्याच्या आधी. मागे कुणी नाही. सुचिता रडते आहे. म्हणते, "माय, मले घेऊन जाय वं." कोकिळा म्हणते, "सोस बाई थोडं. आता थेच घर तुहं." हे मी तेव्हाच ऐकलं होतं. वाटलं, आईला कळलंय, आता ती बघेल. आपण कशाला मध्ये पडा?

१ सप्टेंबर. "बरी हावो म्हन." मग सुचिता, "बरी हावो."
१५ सप्टेंबर. तसंच. जेवणाचं विचारल्यावर, "जेवली म्हन."
६ ऑक्टोबर. मागे काहीतरी आपटल्याचा आवाज. त्यानंतर ती हसते. ते हसणं ऐकवत नाही.
२७ ऑक्टोबर. "दिवाळीले जमत नाही म्हन."

सप्टेंबरपासून एकही रविवार मोकळा नाही. मी हे सगळं त्या त्या सोमवारी ऐकलं होतं आणि मला लोणचं, कैरी, शेळीचं पिल्लू एवढंच लक्षात राहिलं. गोष्ट ऐकावी तसं ऐकत होतो.

आता सांगायचं तर कसं सांगू? "मला कळलं" म्हटलं की "कशावरून" येणारच.

१५ नोव्हेंबर

कोकिळाला वाटेत गाठलं. सहज म्हणतोय असं दाखवून म्हटलं, एकदा जाऊन बघून ये सुचिताला. तिने कापसाची ओटी सावरली आणि म्हणाली, "काऊन जाऊ, मास्तर? दर आयतवारी आवाज आयकतो नं तिचा. पयले पत्र नाही आलं त जीव टांगनीले लागे. आता तुमच्या फोनानं घोर नाही राह्यला."

म्हणजे फोन नसता तर ती गेली असती.

मी "बरं" म्हटलं आणि पुढे गेलो. भ्याड माणूस. शिक्के मारायचे, सह्या घ्यायच्या आणि मान खाली घालून घरी जायचं, एवढंच आयुष्यभर केलं.

१७ नोव्हेंबर

फोन आला. बाहेर बसलो. नंतर ऐकलं नाही.

१८ नोव्हेंबर

ऐकलं. "बरी हावो म्हन."

१ डिसेंबर

गेल्या रविवारीही तेच. आज फोन आलाच नाही. कोकिळा चारपासून साडेपाचपर्यंत खिळ्याखाली बसून होती. सिंधूने चहा दिला तो गार झाला. जाताना ती मलाच समजावून गेली, कामात असतील, मास्तर.

निनावी कार्ड लिहून कोकिळाच्या नावे टाकावं असंही मनात आलं. पण आलेलं कार्ड वाचून घ्यायला ती माझ्याकडेच येणार.

८ डिसेंबर

आज चारला फोन आला आणि दोन मिनिटांत कोकिळा बाहेर आली. रेंज गेली वाटते, म्हणाली. मी आत गेलो, दार लोटलं आणि तिथेच उभं राहून ऐकलं.

मागे कुणी बोलत नाही. सुचिता घाईघाईत म्हणते, "माय, सकाऊन ये. कोनाले सांगू नको, निस्ती ये." कोकिळा म्हणते, काय म्हनतं, मोठ्यानं बोल. मग दयारामचा आवाज, ह्या वेळी जवळून. मग आपटल्याचा आवाज आणि एक किंकाळी, अर्धीच. फोन बंद.

लगेच लिहायला बसलो. अक्षर बघवत नाही.

९ डिसेंबर

सकाळी सिंधूला सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि हातावरचा भुसा झटकत राहिली. मला वाटलं, सुचिताचा विचार करते आहे. मग तिने विचारलं, "मी बहिनीसंग बोलतो थे बी आयकता काय?"

तिच्या बहिणीशी ती माझ्याबद्दल जे बोलते ते मला पाठ आहे.

ती म्हणाली, "तुमी सांगे रिवाज हाये, म्हनून मीबी कोकिळापायी भाहेर जाऊन बसो." मग उठली आणि माझी टोपी आणून दिली. "चाला. आदी तिले सांगा. माह्यं मंग पाहू."

कोकिळाच्या चांगल्या कानात दोरी घातली आणि कालचं लावलं. तिने दोनदा ऐकलं. दोरी कानातून काढून माझ्या हातात दिली. मग विचारलं, "अजून हाये का असं?"

आता लिहितो ते लिहायची लाज वाटते. मी म्हटलं, नाही. काल चुकून दाबलं गेलं.

ती म्हणाली, "बरं झालं चुकलं, मास्तर." आणि गोविंदाला हाक मारत अनवाणीच निघाली. दहाच्या गाडीने दोघं नांदुऱ्याकडे गेली.

ती गेल्यावर घरी येऊन कालचं तेवढं ठेवलं आणि बाकीचं सगळं पुसलं. एकतीस होती. प्रत्येक वेळी फोन विचारतो, नक्की पुसायचं का? एकतीस वेळा हो म्हटलं. माझं खोटं खरं करायचं तर दुसरा उपाय नव्हता.

१० डिसेंबर

सुचिता आली. डावा हात मनगटापासून सुजलेला, लुगड्याच्या चिंधीने बांधलेला. जळगावला नेऊन प्लास्टर घातलं. पोरगी निम्मी झाली आहे. घरात शिरायच्या आधी आमच्या ओट्यावर आली आणि माझ्या पाया पडली. तुमच्या फोनानं वाचवलं, काका, म्हणाली. मी म्हटलं, हाताला जप.

सिंधू दारात उभी होती. ती आत निघून गेली.

१५ डिसेंबर

पुढच्या रविवारी गोविंदाच्या अंगणात बैठक ठरली. दयाराम, त्याचा चुलता निवृत्ती आणि दोन्ही गावची चार माणसं. दयारामने आधीच निरोप धाडलाय की एक दिवस भांडण झालं, बाई घाईत पाय घसरून पडली, संक्रांतीच्या आत परत पाठवा.

दुपारी सुचिता आली. खिळ्याकडे बघत म्हणाली, "काका, थ्या फोनात जुनं बोलनं राह्यलं असंन का? थे म्हनतीन, दर आयतवारी ही बरी हावो म्हने. मांगून कोन सांगे थे आयकवता आलं असतं."

मी नाही म्हटलं. तिला खरं वाटलं. मास्तर खोटं बोलत नाही, अशी माझी गावात कीर्ती आहे.

जाता जाता थांबली. "माय सांगे, काका भाहेर जाऊन बसतेत. मले लय वाटे, एखांद्या आयतवारी तुमी आतच बसले असतीन त बरं. तुमचे कान चांगले हायेत. तुमाले आयकू आलं असतं."

१६ डिसेंबर

पहिल्या गाडीने जळगाव गाठलं. फारुखने फोन उलटसुलट केला, तारा जोडल्या, अर्धा तास घातला. म्हणाला, "मास्तर, मिटवलेलं वापस येत नाही यातून. इतकी घाई काऊन केली?" चहा मागवला. मी घेतला नाही.

गाडीत येताना आठवलं. फोनातून गेलं, पण ह्या वहीत आहे. तारीखवार आहे. पण त्याच पानांवर मीही आहे.

२१ डिसेंबर

पानं फाडून नुसत्या तारखा नकलून नेता येतील का, ते बघत होतो. कोऱ्या कागदावर सुबक अक्षरात तारखा उतरवल्याही. सिंधूने बघितलं आणि विचारलं, नवा कागद कोन खरा मानीन? नऊ तारखेनंतर पहिल्यांदाच ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी तो कागद चुलीत घातला.

२२ डिसेंबर

बैठक झाली.

दयाराम निरोपात बोलला होता तसंच बोलला. निवृत्ती वयस्कर माणूस, आवाज शांत. त्याने सुचिताला विचारलं, बाई, तुले तरास होता त दर आयतवारी मायले बरी हावो काऊन म्हने? ती म्हणाली, हे मागून सांगत होते तसंच मी म्हणत होते. दयाराम म्हणाला, कोण साक्षीला आहे? आठ तारखेचं ऐकवलं, तर म्हणाला, तेच तर सांगतो, एका दिवसाचं भांडण. गोविंदासुद्धा खाली बघायला लागला. कुणीतरी संक्रांतीच्या वाणाचं बोललं. सुचिताने प्लास्टरचा हात पोटाशी धरला होता.

मी उभा राहिलो. पत्र वाचायची सवय उभ्यानेच आहे. म्हटलं, साक्षीला मी आहे. आणि वही उघडली.

दहा नोव्हेंबरपासून वाचलं. लाल ठिपका वाचला, लोणचं वाचलं, कानातल्या दोऱ्या वाचल्या. मग तारखा. मग पंधरा नोव्हेंबर. एकतीस वेळा हो म्हटलं तेही वाचलं. सिंधूचं आलं तिथे तिने पदर सारखा केला आणि मान वर ठेवली. कोकिळाकडे मी बघितलं नाही.

निवृत्तीने विचारलं, एप्रिलपासून तुमी बायकांचं बोलनं आयकत होते? मी हो म्हटलं. दयाराम उसळून म्हणाला, वही काय, कोणीही लिहील. निवृत्तीने माझ्या हातून वही घेतली, पानं मागेपुढे केली, शाई बघितली. मग पुतण्याला म्हणाला, "सोताची एवढी बेअब्रू कोनी खोटी कायले लिहीन बे?"

सुचिता इथेच राहील. पुढचं तिला कोर्टात जायचं तर जाईल, आमची आडकाठी नाही, असं निवृत्ती सांगून गेला. अंगण रिकामं होईपर्यंत मी उभा होतो. माझ्याशी कुणी बोललं नाही. सुचिता गोविंदाच्या दारापर्यंत गेली, वळून माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. त्या बघण्यात काय होतं ते मला वाचता आलं नाही.

२९ डिसेंबर

भरून ठेवायची सोय फारुखकडून काढून घेतली. ठिपका लागत नाही. पण बघायलाही कुणी येत नाही. बायका आता बोलायला दुसरीकडे जातात. सिंधू बहिणीचा फोन आला की तो घेऊन परसात जाते. परसात रेंज नाही, दोन वाक्यांत तुटतं, तरी जाते.

चार वाजता मी सवयीने ओट्यावर येऊन बसलो. कोकिळा पाण्याची कळशी घेऊन चालली होती. आमच्या पायरीशी थांबली, वर आली नाही. आठवडाभरात पहिल्यांदा बोलली.

"मास्तर, बैठकीत येक ओळ गाळली तुमी."

मी हो म्हटलं.

"पोळ्याच्या आंधीची."

"हो."

"पत्रं वाचतानी बी असंच करत होते का?"

मी म्हटलं, कधी कधी.

कळशी तिने दुसऱ्या कमरेवर घेतली. मग म्हणाली, "थे माह्यं बोलनं होतं. थे बी वाचाले पाह्यजे होतं."

ती गेली. आत फोन खिळ्याला होता, वाजला नाही. मी पाच वाजेपर्यंत बाहेरच बसून राहिलो.